लासूरची हगवण आणि अकरा रेघा

लासूर स्टेशनला डुकरं पाळणाऱ्या एका मावशींच्या पिल्लांना हगवण लागल्याचा निरोप आला, तेव्हा मी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होतो. पिल्लं आठवड्याच्या आतली. हगवण पिवळी, पाण्यासारखी, न पचलेल्या दुधाच्या गुठळ्यांसकट. निळा लिटमस लावला, तो लाल झाला. ई. कोलाय या जिवाणूच्या हगवणीत विष्ठा बहुधा अल्कधर्मी असते. उलट रोटाव्हायरससारखा विषाणू आतड्यातले रसांकुर खुडतो; मग दूध पचत नाही, आंबतं. एवढ्यावरून निदान होत नाही, संशय तेवढा पक्का होतो.

"सुई मारा की डॉक्टर," मावशी म्हणाल्या. सुईनं विषाणू मरत नाही. ऊब द्या, मीठ-साखरेचं पाणी पाजा, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यापुढे विद्यापीठाची तोंडी परीक्षा सोपी.

विष्ठेच्या नमुन्यांच्या कुप्या बर्फाच्या पेटीत घालून मनमाडकडून आलेल्या गाडीत बसलो. शेजारच्यानं विचारलं, "मासळी का?" मी "औषधं" म्हणालो.

रोटाव्हायरसच्या आरएनएचे अकरा तुकडे असतात. जेलवर चांदीच्या क्षारानं रंगवले की त्यांच्या रेघा दिसतात: चार, दोन, तीन, दोन. हा 'ए' गट. 'सी' गटात चार, तीन, दोन, दोन. हा 'सी' गट १९८० च्या सुमारास अमेरिकेत डुकरांच्याच पिल्लांत सापडला. पीसीआर जास्त संवेदनशील, पण ज्याचे प्रायमर टाकाल त्याच्याबद्दलच बोलते. जेल न विचारलेलंही दाखवतं, म्हणून मला ते अजून आवडतं.

बहुतेक कुप्यांत 'ए' गट निघाला. नवं काही नाही. मात्र नवं ओळखायची वाट याच कंटाळवाण्या छाननीतून जाते. चीनमधल्या ग्वांगडोंगमध्ये २०१६ च्या अखेरीस पिल्लं मरू लागली, तेव्हा तपासणीत डुकरांच्या हगवणीचा आधीपासून माहीत असलेला पीईडी विषाणू सापडला. जानेवारी २०१७ नंतर तो सापडेना, मरतूक मात्र थांबेना. तिथून वटवाघळांशी नातं सांगणारा सॅड्स कोरोनाव्हायरस हाती लागला. तोवर चार फार्मांवर २४ हजारांहून अधिक पिल्लं गेली होती.

आमच्या एका कुपीत एकही रेघ उमटली नाही. मार्गदर्शक सरांनी ती फेकू दिली नाही. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवायला लावली.

मावशींना फोनवर एवढंच सांगितलं: डुकरिणीच्या वारेतून पिल्लांना प्रतिपिंडं मिळत नाहीत, जे काही ते चिकातून. तेव्हा पुढच्या वेताला प्रत्येक पिल्लाला पहिल्या काही तासांतच पाजा, अशक्त असेल त्याला आधी.