तंजावरची जंत्री

तंजावर पायीच बघावे. मोठ्या देवळापासून राजवाडा वीसेक मिनिटांच्या वाटेवर, आणि राजवाड्याभोवती चार राजवीथी. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशी त्यांची सरळ नावे, त्यामुळे रस्ता चुकायलाही मेहनत पडते. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरे केलेले हे मोठे देऊळ, म्हणजे बृहदीश्वराचे देऊळ, १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. ही जंत्री बाकीच्यांची आहे. काही गोष्टी गेल्या, काही निघाल्या आहेत, आणि काहींची वस्तू शिल्लक असून वापर संपला आहे.

भिंतीवरचा मजकूर. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी इथे भोसल्यांची गादी स्थापली. त्यांच्या वंशातले दुसरे सरफोजीराजे यांनी १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास याच देवळाच्या प्राकारभिंतीवर कोरवून घेतला. भाषा मराठी, अक्षर देवनागरी, लेखक चिटणीस. दगड शाबूत आहे. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेच्या गाड्या बाहेर उभ्या असतात. माणसे शिखराचे फोटो काढतात, नंदीसमोर उभी राहतात आणि निघतात. एवढा लांब मराठी शिलालेख वाचकाविना उभा आहे.

खंदक. मोठ्या किल्ल्याचा तट बहुतेक गेला, वेशी गेल्या. खंदक तुकड्यातुकड्यांनी उरला आहे, कुठे पाणी, कुठे गवत, कुठे घरे. पूर्वेच्या बाजूला राजगोपाल नावाची लोखंडी तोफ आहे. नायक राजांच्या काळात, सतराव्या शतकात, लोखंडाच्या पट्ट्या आणि कडी तापवून जोडून ती घडवली. लांबी सुमारे २६ फूट. तोफ हलवणे कुणाला परवडले नाही, म्हणून ती राहिली.

जलसूत्र. सेवप्पा नायकाच्या तलावात पावसाचे पाणी साठायचे, तिथून ते देवळाशेजारच्या शिवगंगा तळ्यात यायचे आणि जमिनीखालच्या नळांतून राजवाड्याकडे आणि गावातल्या तळ्यांकडे जायचे. पंप नाही, केवळ उतार. वरचा तलाव वस्तीने खाल्ला तसे खालचे नळ मुके झाले. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेत अय्यनकुळम् आणि सामंतनकुळम् ही तळी दुरुस्त झाली. तळे दुरुस्त करता येते. त्याला पाणी देणारा उतार मात्र मोकळा ठेवावा लागतो.

छापखाना. सरफोजीराजांनी राजवाड्यात नवविद्याकलानिधी नावाची शाळा काढली आणि देवनागरी छपाई सुरू केली. इसापच्या गोष्टींचे मराठी रूप, ‘बालबोध मुक्तावलि’, १८०६ मध्ये इथे छापले गेले. मुंबई-पुण्यात मराठी छपाई रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. यंत्र गेले, शाळा गेली. शालेय पुस्तकांत मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना तंजावरचे नाव बहुधा गळते.

धन्वंतरी महाल. सरफोजीराजांची औषधशाळा. वैद्य आणि डॉक्टर एकाच छपराखाली. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात. रोग्याची तक्रार, केलेले उपचार, आणि सोबत त्या डोळ्याचे रंगीत चित्र. नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात सुखरूप आहेत. असा महाल पुन्हा कुणी उभारला नाही.

मोडीचे रुमाल. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. ताडपत्रे, संस्कृत-तमिळ-तेलुगू पोथ्या, राजांनी युरोपातून मागवलेली पुस्तके, हे सारे दालनात दिसते. न दिसणारा भाग म्हणजे मोडी कागदांचे रुमाल, कापडात बांधलेले गठ्ठे. त्यांत कुणाला किती तांदूळ दिला, हत्तीच्या औषधाला काय लागले, नाचणाऱ्या बाईंना कोणते लुगडे दिले, अन्नछत्रात किती पाने उठली असा राज्याचा रोजचा संसार असतो. तमिळ विद्यापीठाने निवडक कागदांची तमिळ भाषांतरे खंडांनी प्रसिद्ध केली, हे ऋण आपण मानायला हवे. बाकीचे रुमाल बांधलेले आहेत. कागदाची छायाचित्रे घेता येतात, पण ती वाचायला माणूसच लागतो, आणि तंजावरी मोडी सफाईने वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी.

साकी, दिंडी, ओवी. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरला आले आणि त्यांच्या कीर्तनाने गावाला वेड लावले. तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी तो साचा उचलला आणि तमिळ हरिकथा उभी केली. साकी, दिंडी, आर्या, ओवी, अभंग ही वृत्ते तमिळ मुलखात गायली जाऊ लागली. भजनाच्या मेळ्यांत अभंग आजही जोरात आहेत. पण पूर्वरंग-उत्तररंगाची बैठक सांभाळून, कथा आणि वृत्ते यांची सांगड घालणारे भागवतर विरळ होत चालले आहेत. दोन तास एकट्याने उभे राहून गाणे, सांगणे, हसवणे हे कसब गुरूच्या मागे उभे राहूनच येते.

मराठी नाच. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम्, वडिवेलू हे चार भाऊ सरफोजींच्या दरबारातले. आजच्या भरतनाट्यमची मांडणी, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत, त्यांनी बसवली. त्यांचे घर पश्चिम राजवीथीवर. त्याच दरबारात सरफोजींच्या नावावर मराठी नृत्यरचना झाल्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक कथा, एक राग, एक ताल. संहिता ‘कोरव्यांच्या साहित्याचे जिन्नस’ या नावाने छापलेली आहे. भावांची मांडणी जगभर पोचली, मराठी जिन्नस रंगमंचावर क्वचितच येतात.

फणसाचे लाकूड. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. एकाच ओंडक्यातून भोपळा, दांडी, तोंड कोरून काढले की ती एकांड वीणा. मग मेणात काजळी कालवून, त्या थरावर चोवीस पितळी पडदे कानाने बसवायचे. जाड, जुन्या खोडाचा फणस मिळेनासा झाला, म्हणून आता जोडाची वीणा जास्त. भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने झाड वाढत नाही.

चित्राची फळी. तंजावर चित्रालाही पूर्वी फणसाचीच फळी, तिच्यावर कापड, त्यावर चुना आणि डिंक यांचा उठाव, मग सोन्याचा वर्ख आणि खडे. आता प्लायवुड, तयार रंग, आणि दुकानात पिशवीत मिळणारा हौशी मंडळींचा संच. चित्रे पूर्वीपेक्षा जास्त होतात. बालकृष्णाचे गाल सगळीकडे सारखे झाले आहेत.

घरातली मराठी. साडेतीनशे वर्षे तमिळांत राहून टिकलेली बोली. अनेक घरांत ती बोलतात, पण लिहायची वेळ आली तर तमिळ लिपीत लिहितात. नोकरीमागे चेन्नई, बंगळुरू, अमेरिका अशी पांगापांग झाली. आजी बोलते, आईला येते, नातवाला कळते. पुढच्या पायरीचा अंदाज वाचकाने करावा.

राजगोरी. गावाच्या उत्तरेला भोसल्यांच्या समाध्या. १८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. कोरीव दगड, कोनाडे, भोवती झुडपे. राजवाड्याचे तिकीट काढणाऱ्यांपैकी इकडे फार थोडे येतात.

परत आलेली एक गोष्ट. मोठ्या देवळाचा चैत्री रथ सुमारे शंभर वर्षे बंद होता. २०१५ मध्ये नवा रथ बांधला आणि चारी राजवीथींतून ओढला. लाकूड नवे, वाट जुनी. दोर धरायला हजारो हात आले म्हणून तो रथ निघाला.

या यादीत दगड, कागद, लाकूड यांची हानी त्यामानाने कमी आहे. खरी तूट माणसांची आहे. वाचणारा, पडदे बसवणारा, साकी म्हणणारा माणूस संपला की सुरक्षित ठेवलेली वस्तूही मुकी होते. वीणा आणि हरिकथा यांचे काय करायचे ते तमिळनाडू ठरवील, त्याला ते समजतेही. मोडीचे रुमाल मात्र आपल्या वाट्याचे आहेत. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग चालतात, दरवर्षी मुले-मुली शिकून बाहेर पडतात आणि बहुतेक जण घरच्या सातबाऱ्यापाशी थांबतात. त्यांतल्या चौघांनी जरी तंजावर गाठून, रीतसर परवानगी काढून, एकेक रुमाल वाचायला घेतला, तरी या जंत्रीतली एक नोंद खोडता येईल.