मे महिन्यातला डबा

वाचकहो, रत्नागिरीला जाऊन आलेला कोणीही तुम्हाला तिथे काय पाहायचे ते सांगेल. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान, समुद्रात घुसलेला रत्नदुर्ग, ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी 1910 च्या सुमारास बांधलेला राजवाडा. ते सारे जरूर पाहा. मी मात्र तुम्हाला भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या वाटेवरच्या एका चिरेबंदी घरात नेणार आहे. तिथे चुलीच्या वरच्या माळ्यावर, कुळथाच्या बियाण्याच्या मडक्याशेजारी, जाड प्लॅस्टिकमध्ये बांधलेला एक व्हिडिओ गेमचा डबा आहे.

हा डबा 1993 च्या मे महिन्यात माझ्या मांडीवर बसून गावी आला. तेव्हा रत्नागिरीला आगगाडी नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती 26 जानेवारी 1998 रोजी. आम्ही मुंबईकर पोरे रात्रभर एस.टी.त, कशेडी घाटात ओकत, सकाळी स्टँडवर उतरत असू. त्या रात्री मी डबा एकदाही खाली ठेवला नाही.

मूळ यंत्र जपानचे. निन्टेन्डो कंपनीने ते 15 जुलै 1983 रोजी फॅमिकॉम या नावाने बाजारात आणले. पुढे त्याच्या स्वस्त नकला निघाल्या आणि आपल्याकडे मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी पोरांच्या हाती पडल्या. आमचा डबाही तसलाच, नकलेचा. पण आमच्या वाडीत त्याला खोटा म्हणण्याची कोणाची छाती नव्हती!

वाडीत टीव्ही एकच, काकांचा, काळा-पांढरा. अँटेनाची तार काढायची, डब्याची जोडायची, आणि चॅनेलचे बटण केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचे. खरखर थांबून मारिओ दिसला की ओटीवर एकच आरडाओरडा. काकांची अट मात्र कडक होती. तुमच्या घरीही हंगामात असेच चालत असेल. सकाळी झेल्याने उतरवलेला आंबा निवडून, पेट्यांत पेंढा भरून झाल्याखेरीज टीव्हीला हात लावायचा नाही. त्यामुळे त्या मे महिन्यात आमच्या वाडीतल्या पेट्या कधी नव्हे त्या दुपारच्या आत भरून तयार!

खेळताना रिमोट दोन. पण दोन्ही सारखे नव्हेत, हे पाहा. दुसऱ्या रिमोटला 'स्टार्ट'चे बटणच नव्हते. खेळ सुरू करायचा, मध्ये थांबवायचा, तो पहिल्या रिमोटवाल्याने. डबा माझा, म्हणून पहिला रिमोट माझा. काकांचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा दादा, कायम दुसरा. हात त्याचा माझ्यापेक्षा चांगला. रणगाड्यांच्या खेळात तो मला राखून घेई आणि स्वतः मरे. मी मात्र मनाला येईल तेव्हा खेळ थांबवून पाणी प्यायला उठत असे. दादा काही बोलत नसे.

कॅसेट चालेनाशी झाली की आम्ही ती काढून फुंकत असू. तुमच्यापैकी ज्यांनी हा खेळ खेळला आहे ते आता हसतील. आज कळते, की फुंकर काही करत नव्हती. कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्याने पट्ट्या जुळत, एवढेच. उलट तोंडातल्या ओलीने पट्ट्या गंजत. त्यात आमची हवा खारी, आणि पावसाळ्यात मीठसुद्धा पाणी सोडते अशी. असे डबे तिथे दोन पावसाळे काढणे कठीण. म्हणून मी मुंबईला परतताना आजीने तो हातातून घेतला आणि बियाण्याच्या जागी, चुलीच्या उबेला ठेवला.

दोन मे महिने असेच गेले. तिसऱ्या वर्षी, 1996 च्या हंगामात, काका कलमावरून पडले. कंबर गेली. दादाची दहावी अर्धवट सुटली आणि पन्नास कलमे त्याच्या अंगावर आली. त्या मे महिन्यात आम्ही गावी गेलोच नाही. माझा क्लास होता. पुढे कॉलेज, पुढे नोकरी. दोन-चार वर्षांतून एकदा जात असे, ते लग्नकार्यापुरते किंवा मयताला, सकाळी जाऊन रात्रीच्या गाडीला. डब्याची आठवण कोणी काढली नाही. मी तर नाहीच.

यंदाच्या मे महिन्यात आठवडाभर राहिलो. अढीतले आंबे उलटेपालटे करताना दादाच म्हणाला, "तुझा डबा बघायचा का?" माळ्यावरून उतरवला. प्लॅस्टिक नवे होते. दर वर्षी कुळीथ बदलताना तो प्लॅस्टिकही बदलतो, असे वहिनींनी सांगितले. मी विचारले, पोरांना का नाही दिलास? म्हणाला, "तुझा होता ना. मी राखला."

माजघरात भिंतीवरचा नवा चपटा टीव्ही आहे. पण पडवीत पेंढ्याआड जुना, मोठ्या नळीचाही होता. तो काढावा लागला, कारण बदके मारायची बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. त्याचा हिशेब नळीच्या टीव्हीशी जुळलेला. चपट्या टीव्हीवर चित्र उशिरा पोचते.

दोनदा कॅसेट बसवल्यावर खेळ लागला. दादाची पोरे हसू लागली, एवढी चौकोनी बदके! मग रणगाडे लावले. दादाने सवयीने दुसऱ्या रिमोटकडे हात नेला. मी पहिला त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, आणि विचारले, "स्टार्ट कुठला?"