लाल दिवा आणि पांढरी गोळी

हल्ली चार बायका एकत्र जमल्या की मोलकरणीचा किंवा महागाईचा विषय पूर्वीसारखा फार वेळ चालत नाही. दहा मिनिटांत गाडी थायरॉइडवर येते. "तुझी कितीची?" हा प्रश्न साडीच्या किमतीचा नसून गोळीचा असतो, हे आता नव्या सुनांनाही कळते. आमच्या भिशीत बारा जणी आहेत. त्यांपैकी चौघींच्या उशाशी ती गोळ्यांची छोटी बाटली असते. माझ्या उशाशी तर ती गेली सोळा वर्षे आहे.

तेव्हा लाल दिव्याची बातमी भिशीत आली आणि काय खळबळ उडाली, ते सांगायला नकोच. रोज वीस मिनिटे गळ्यावर लाल प्रकाश घ्यायचा, म्हणजे थायरॉइड सुधारतो आणि गोळी सुटते! माझ्या धाकट्या जावेने तर साडेसहा हजारांचा दिवा घरपोच मागवलासुद्धा.

तिला हसू नका बरं का. या दुखण्याची गंमत अशी, की ते बाहेरून दिसत नाही. ताप नाही, खोकला नाही. नुसता थकवा, वाढते वजन, कंगव्यात येणारे केसांचे पुंजके आणि भर उन्हाळ्यात अंगावर घ्यावीशी वाटणारी शाल. घरच्यांच्या लेखी बाई आळशी झालेली असते. अशा बाईला कुणी "गोळी सुटेल" म्हटले, तर ती दिवाच काय, अख्खा विजेचा खांब घरी आणील!

शिवाय प्रकाशाने उपचार होतात, हे काही थोतांड नाही. कावीळ झालेले तान्हे बाळ निळ्या प्रकाशाखाली ठेवलेले आपल्यापैकी कितीतरी जणींनी पाहिले आहे. डेन्मार्कचे डॉ. फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लाल किरणांची गोष्ट त्यानंतरची, १९६७ सालची. बुडापेस्टचे डॉ. मेस्टर यांनी उंदरांचे केस काढून तिथे लेझरचे मंद लाल किरण सोडले, तर केस लवकर उगवले. तेव्हापासून जखमा, सांधे, दुखरे स्नायू अशा अनेक ठिकाणी या किरणांचे प्रयोग झाले.

मग थायरॉइडचे काय? माझी भाची मिरजेला वैद्यकीचे शिक्षण घेते. तिला म्हटले, "बाई गं, जाहिरात नको, मूळ प्रयोग काय तो शोधून सांग." तिने सांगितले ते असे. ब्राझीलमधल्या साव पावलोच्या डॉक्टरांनी २०१३ साली ४३ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वांना हाशिमोटोच्या जातीचा विकार होता, म्हणजे शरीराची संरक्षक फौजच आपल्या ग्रंथीवर चालून गेलेली. (जपानच्या डॉ. हाशिमोटो यांनी १९१२ साली तो ओळखला.) २३ जणांना दहा वेळा किरण दिले आणि २० जणांना नुसते दिल्यासारखे केले. मग गोळी थांबवून रक्त तपासत राहिले आणि लागेल तेवढीच पुन्हा सुरू केली. नऊ महिन्यांनी पहिल्या गटाला रोज सरासरी ३९ मायक्रोग्रॅम गोळी पुरत होती; दुसऱ्या गटाला १०७ लागत होती.

"म्हणजे खरंच आहे की!" मी म्हटले.

"मावशी, पुढचं ऐक," भाची म्हणाली. "एक तर माणसं फक्त ४३. दुसरं, तो लेझर होता, डॉक्टरांनी मोजून दिलेला. आणि तिसरं म्हणजे ते किरण लाल नव्हतेच. ८३० नॅनोमीटरचे अवरक्त किरण डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत. काकूंचा दिवा निराळा आणि तो प्रयोग निराळा."

एवढ्याशा प्रयोगावरून डॉक्टर अजून हा नेहमीचा उपचार म्हणून देत नाहीत, यात नवल नाही.

जावेने मात्र गणपती झाल्याबरोबर गोळी बंद केली. दोन-तीन आठवडे बाई अगदी मजेत! "बघा ताई, दिव्यानं गुण आला." मी भाचीचे सगळे ऐकवले, पण समोर गुण दिसत असताना माझे कोण ऐकणार?

इथेच खरी मेख आहे. थायरॉइडची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी नसते. ती बंद केली तरी रक्तातला तिचा साठा अर्ध्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. उरलेला अर्धा निम्म्यावर यायला आणखी सात. म्हणजे पहिले काही आठवडे बाई जुन्या गोळीच्या पुण्याईवर चालत असते, आणि श्रेय मिळते दिव्याला!

दिवाळीच्या फराळाला ती आमच्याकडे आली. चकलीचा सोऱ्या चार वेळा फिरवला आणि पाटावर बसल्या बसल्या भिंतीला टेकून झोपली. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. भावजींना मी त्याच दिवशी रक्त तपासायला लावले. टी.एस.एच. चार-पाचच्या आत हवा, तो ४१ निघाला. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. संक्रांतीपर्यंत गडी बराच रुळावर आला.

मैत्रिणींनो, कुणाला दिवा घ्यायचाच असेल तर घ्या, पण गोळीच्या जागी नव्हे. गळ्यात गाठ लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. उजेडाकडे डोळे लावून बसू नका. दिवस गेले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल, तर गोळीशी खेळ अजिबात नको. गरोदरपणात बहुधा मात्रा वाढवावी लागते, आणि बाळाच्या मेंदूची वाढ तिच्यावर अवलंबून असते. गोळी कमी करायची ती टी.एस.एच. पाहून आणि डॉक्टरांना विचारूनच.

आणि दिव्याआधी आपली गोळी नीट घेतो का, ते पाहा. ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर. कितीतरी जणींची मात्रा वाढत जाते ती ग्रंथीमुळे नव्हे, तर गोळीपाठोपाठ घेतलेल्या चहामुळे.

आता जाऊ रोज पहाटे गोळी घेते, आणि डॉक्टरांना विचारून संध्याकाळी दिवाही लावते. "अगं, आता कशाला?" मी विचारले. ती म्हणाली, "ताई, तेवढी वीस मिनिटं खोलीला कडी असते. 'उपचार चाललाय' म्हटलं की कुणी हाक मारत नाही. लग्नानंतर एवढं निवांत पहिल्यांदाच बसते आहे."

यावर मी काय बोलणार? तिच्या चेहऱ्यावर थोडा तजेला दिसतो खरा. तो गोळीचा की त्या कडीचा, एवढेच मला ठरवता येत नाही.