अखेरचा अधिकार

बरे होण्याची आशा संपल्यावर केवळ यंत्रांच्या बळावर प्राण धरून ठेवू नयेत, असे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने सन २०१८ मध्ये मान्य केला. परंतु त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. सन २०२३ मध्ये न्यायालयानेच ती अट काढली. दोन साक्षीदार व नोटरी अगर राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागू लागले. तरी पुढे वैद्यकीय मंडळांचा अभिप्राय व लेखात नेमलेल्या आप्ताची संमती हवीच. आम्ही तेथे चिरंजीवांचे नाव घातले.

तो म्हणाला, "नाना, हे माझ्या तोंडून कसे निघेल?"

आमचे सारे शास्त्राध्ययन क्षणभर निरुत्तर झाले. मग म्हणालो, "निर्णय माझा, तू केवळ सांगायचा."

त्याने कागद मुकाट्याने कपाटात ठेवला. हक्क न्यायालय देते; तो पेलावा मात्र घरच्यांना लागतो.