पुरलेली पेटी

आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूर आज तेलंगणात मोडते; तरी तेथे गोंडी, लंबाडी व तेलुगू यांच्या जोडीने मराठीही कानी पडते. भूमी काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगून त्या मिटतात. अशा भूमीत कोणी उपग्रहाच्या खुणेवरून शोधावयाची ‘जिओकॅश’ पेटी पुरावी काय?

या खेळाची पहिली पेटी डेव्ह उल्मर यांनी ३ मे २००० रोजी अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात ठेविली, ती अर्धवट पुरलेलीच होती. पुढे खेळाच्या नियमांनीच खड्डा खणण्यास मनाई केली. योग्यच झाले. खूण काही मीटर इकडेतिकडे होते. म्हणजे एका पेटीपायी दहा खड्डे!

शेजारच्या जैनूर भागातील मारलवाई गावी मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पत्नी बेट्टी यांना १९८७ साली मूठमाती मिळाली. २०१२ साली पतीची रक्षाही तेथेच विसावली. ती समाधी सर्वांस ठाऊक आहे. परंतु रानातील प्रत्येक जुन्या थडग्यावर नाव कोरलेले असतेच असे नाही, आणि परक्या खेळाडूच्या कुदळीस ते कसे कळावे? पेटी ठेवावयाचीच तर गावकऱ्यांस विचारून, बांधावरच्या एखाद्या झाडाच्या ढोलीत ठेवावी. देवाच्या झाडाच्या मात्र नव्हे.