अठरा इंचांचं वळण

आमच्या शिरपूरला रेल्वे नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला लांबून लोक येतात, ते वाशीमला किंवा जऊळका रेल्वेला उतरून पुढे एसटी नाहीतर खाजगी गाडी धरतात. अशा गावात एका उर्दू-मराठी शिकवणाऱ्या मास्तरच्या माडीवर आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर रेल्वे धावते, हे कळल्यावर शाळेतले सहकारी हसले. एकाने विचारलं, "सर, पोरासाठी की स्वतःसाठी?" मी म्हणालो, "अम्मीसाठी." तो आणखी हसला. पण ते खरं होतं.

अम्मीचं माहेर खंडव्याचं. माझ्या लहानपणी वाशीमहून मीटरगेजची गाडी अकोल्यावरून थेट खंडव्याकडे जायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं, पाण्याची सुराही, चटणी-रोटीचा डबा आणि अम्मीचा बुरखा सांभाळत त्या गाडीत चढायचो. अकोट गेलं की मेळघाटचं जंगल लागायचं आणि मग यायचं धुळघाटचं वळण. तिथे रूळ डोंगराला पूर्ण वेढा घालून स्वतःच्याच डोक्यावरून जातो. चढ एकदम अंगावर येऊ नये म्हणून वाट लांबवण्याची ही युक्ती. मघाशी ज्या रुळावरून आलो तोच खाली दिसतोय, हे बघायला अम्मी आम्हाला खिडकीशी ओढायची. एरवी गाडीत गप्प बसणारी अम्मी तेवढ्या पाच मिनिटांत लहान मुलीसारखी बोलायची.

2008 साली पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला. आमची सोय झाली, पण खंडव्याला जाताना अकोल्याला गाडी बदलावी लागू लागली. 2017 मध्ये अकोल्यापुढची मीटरगेज गाडीही रुंदीकरणासाठी बंद पडली. नवा मार्ग वाघांच्या जंगलातून न्यावा की बाहेरून, यावर बरीच वर्षं वाद झाला. आता खंडव्याला जायचं तर भुसावळवरून. मधल्या काळात मामू गेले. बातमी आम्हाला रात्री उशिरा कळली, आमच्यात दफन लवकर करतात, आणि आम्ही पोचेपर्यंत कबरीवरची माती ओली होती. दोष कुणाचाच नव्हता. पण त्या दिवसानंतर अम्मीने खंडव्याला जायचं नाव काढलं नाही. गुडघेही थकले. मधूनमधून एवढंच विचारते, "वो घुमाव वाली गाडी अब नहीं चलती ना?"

म्हणून ठरवलं, धुळघाट घरी आणायचा.

मुलगा नववीत. पुण्याला एका प्रशिक्षणाला गेलो तेव्हा त्याला सोबत नेलं होतं आणि कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय दाखवलं होतं. 1998 साली सुरू झालेलं ते संग्रहालय एका माणसाच्या छंदातून उभं राहिलं आहे. तिथून आल्यापासून पोराची वही मोजमापांनी भरली. खऱ्याच्या 87 पट लहान म्हणजे एचओ स्केल. त्यात रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. त्याने हिशेब करून दाखवलं की आपल्या ब्रॉडगेजचं अंतर या मापात 19 मिलिमीटरच्या वर भरतं आणि मीटरगेजचं साडेअकरा. "म्हणजे अब्बू, हा रूळ दोन्हींपैकी एकाचाही नाही." मी म्हणालो, "चालेल. अम्मीची नजर आता तेवढी बारीक राहिलेली नाही."

रूळ जुळवला. प्लायच्या एका टोकाला 18 इंच त्रिज्येचा वेढा; रूळ चढत जाऊन पुलावरून स्वतःलाच ओलांडतो. एका वेढ्याची लांबी 287 सेंटिमीटर, खालून गाडी जाण्यासाठी चढायचं 9 सेंटिमीटर, म्हणजे शंभराला तीनचा चढ. इंजिन रिकामं सोडलं, आरामात चढलं. आम्ही बापलेक खूश.

मग डबे आले. इथे माझी चूक झाली.

पोराला राजधानीसारखे लाल एलएचबी डबे हवे होते. मला अम्मीचे जुने मरून डबे हवे होते. ते मिळेनात. शेवटी ईदीचे पैसे आणि माझी थोडी भर घालून दोन एलएचबी डबे मागवले. एकेक अडीच हजारांचा. घरात हिने विचारलं, "एवढे पैसे खेळण्यात? इसराफ नाही का हा?" गरजेबाहेर उधळणं आपल्या दीनमध्ये नापसंत आहे, हे मीच मुलांना वर्गात सांगतो. मी उत्तर टाळलं.

डबे सरळ रुळावर छान चालले. वेढ्यावर गेले आणि पहिल्याचं ढुंगण बाहेर फेकलं जाऊन पुलाच्या खांबाला धडकलं. दोन्ही डबे आडवे. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी पोरावर ओरडलो, "तुलाच लाल डबे हवे होते!" तो काही बोलला नाही. रात्री जेवायलाही आला नाही. ईदीचे पैसे त्याचे होते, आणि मागवण्याआधी मोजायला हवं होतं मी. बीएडला 'मुलाच्या चुकीत शिक्षकाची चूक शोधा' असं शिकलो होतो. परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर दोघं बसलो आणि आधी करायचा तो हिशेब केला. छंद करणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या घरात जागा कमी आहे अशांसाठी तो इथे देतो.

आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो. रेल्वेच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची गाडी, पुढे एक, मागे एक. वळणावर या दोन बोग्या रुळावर राहतात, पण डबा ताठ असतो. त्यामुळे त्याचं पोट वळणाच्या आत येतं आणि दोन्ही टोकं बाहेर जातात. डबा जितका लांब आणि वळण जितकं घट्ट, तितकं हे जास्त. खरा एलएचबी डबा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे आमच्या मापात 27 सेंटिमीटर. 18 इंचांच्या वळणावर त्याचं टोक जवळजवळ 12 मिलिमीटर बाहेर जातं आणि पोट 8 मिलिमीटर आत येतं. जुना निळा आयसीएफ डबा साडेचोवीस सेंटिमीटरचा. त्याचं टोक साडेआठ मिलिमीटर. मी पुलाचे खांब डब्याच्या रुंदीला धरून लावले होते. टोक किती झुकेल याचा विचारच केला नव्हता.

खांब सरकवता आले असते. पण डबे तरीही उतरत होते, कारण शेजारच्या दोन डब्यांची टोकं एकमेकांना आडवी ओढतात. यासाठी एक ढोबळ नियम आहे: वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट असावी. अडीचपटीवर बरेच डबे निभावतात, दुपटीखाली भरवसा नाही. आमचं वळण पावणेसेहेचाळीस सेंटिमीटरचं आणि डबा सत्तावीसचा. दुप्पटसुद्धा नाही. तिपटीने आमच्या वळणाला शोभेल असा डबा फक्त सहा इंचांचा.

काही डब्यांचं कपलिंग डब्याला न लावता बोगीला लावलेलं असतं. ते वळणावर बोगीसोबत वळतं, म्हणून लांब डबाही निघून जातो. पण गाडी मागे ढकलली की तेच कपलिंग बोगीला तिरकं दाबतं आणि चाक उतरतं. युरोपातले काही उत्पादक लांब डब्याची लांबीच थोडी कापून मॉडेल करतात. खिडक्या-दारं तशीच ठेवली की डोळ्याला फार खटकत नाही.

पोराने त्या दिवशी एक सोपी रीत काढली. डब्याच्या मापाची पुठ्ठ्याची पट्टी कापायची, बोग्यांच्या जागी दोन टाचण्या टोचायच्या, आणि त्या टाचण्या कागदावर काढलेल्या वळणावरून सरकवत न्यायच्या. पोट कुठे आत येतं, टोक कुठे बाहेर जातं, पेन्सिलीने उमटतं. दहा रुपयांचा पुठ्ठा. आमचे पाच हजार वाचले असते. आता आम्ही आधी पुठ्ठा चालवतो, मग एकच डबा घेतो, तो पुढे आणि मागे दोन्हीकडून ढकलून बघतो आणि मगच बाकीचे. उजवं वळण संपून लगेच डावं येत असेल, तर मध्ये निदान एका डब्याएवढा सरळ रूळ टाकतो.

त्याच सुमारास मी वर्गात माथेरानच्या गाडीचा धडा स्वतः तयार करून शिकवला. 1907 साली नेरळ ते माथेरान ही सुमारे 20 किलोमीटरची दोन फुटी रेल्वे आदमजी पीरभॉय या मुंबईच्या बोहरा कुटुंबाच्या पैशातून झाली. डोंगर फोडून वळणं सरळ करणं परवडणारं नव्हतं. मग रूळ डोंगराच्या कलाने नेला आणि गाडी वळणाच्या मापाची केली. डबे आखूड, आणि जर्मनीहून आणलेल्या वाफेच्या इंजिनांचे टोकाचे आस थोडे वळू शकतील असे. घरी येऊन हे पोराला सांगितलं. तो म्हणाला, "मग आपणही प्लाय मोठा नको करायला. डबेच छोटे घेऊ." लाल डब्यांचा हट्ट त्याने स्वतःच सोडला. मी त्याला सॉरी म्हणालो. बापाने मुलाला सॉरी म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. दोघंही जरा अवघडलो.

सहा इंची तीन जुनाट डबे एका छंदिष्टाकडून वापरलेले मिळाले, स्वस्तात. कोणत्या देशाचे होते कोण जाणे. पोराने त्यांना मरून रंग दिला. लाल डबे सरळ रुळाच्या फाट्यावर, स्टेशनात उभे आहेत. तिथे ते शोभतातही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी असरनंतर अम्मी नातवाच्या खांद्याला धरून माडीचा जिना चढली. तिला खुर्ची दिली. गाडी निघाली, वेढ्यात शिरली, पुलावर चढली, खालचा रूळ ओलांडून पुढे गेली. अम्मी बघत राहिली. डबे मीटरगेजचे आहेत का, रंग बरोबर आहे का, यातलं काही तिने विचारलं नाही. दोन फेऱ्या झाल्यावर खुर्ची थोडी पुढे ओढायला सांगितली. मग म्हणाली, "तुझे मामू इथेच मला उठवायचे. म्हणायचे, ऊठ, अब घर आया."

मामूंचं नाव तिने कितीतरी महिन्यांनी घेतलं होतं. मुलाने काही न बोलता गाडीचा वेग कमी केला. हीसुद्धा दारात येऊन उभी होती. खर्चाचा विषय तिने त्यानंतर काढलेला नाही, पण मी काढला. पुढच्या डब्याआधी दोघं मिळून हिशेब करायचा, असं आमचं ठरलं आहे. अम्मी आता खंडव्याला जायचं म्हणते. हिवाळ्यात, गुडघे साथ देतील तर, भुसावळवरून.