शिवसागर: पाण्यावरून आणि पाण्याखाली

वासोट्याचा ट्रेक हा पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांचा डिसेंबरातला ठरलेला कार्यक्रम. क्लायंट ख्रिसमसच्या सुट्टीवर गेला, की इकडे ‘चला, वासोटा करू’ची मेलामेली सुरू होते. मी हा ट्रेक तीनदा केलाय. त्यामुळे ‘मग आम्ही पहाटे निघालो, वाटेत मिसळ खाल्ली’ छापाचं वर्णन तुम्हाला वाचायला लावत नाही. मिसळ बरी होती, एवढं पुरे.

साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला उतरलं की समोर पाणीच पाणी. हा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. जवळजवळ पन्नास किलोमीटर लांब. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीला समांतर, सरळ दक्षिणेला धावते. हेळवाकजवळ ती पूर्वेकडे वळते, आणि तिथे धरण बांधून तिची सगळी दरी भरून टाकली. म्हणून हा तलाव गोल नाही, लांबलचक आहे. डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेला. तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणायची पद्धत आहे, जी मला अजिबात आवडत नाही. जावळीला जावळी म्हणायला काय हरकत आहे?

बामणोलीहून लाँचने दीड तास. इंजिनाची फटफट सोडली तर आवाज नाही. दोन्ही काठांना गच्च जंगल. मागच्या खेपेला आमच्यातला एकजण अगदी भारावून म्हणाला, "काय अनटच्ड आहे ना सगळं!"

लाँचवाले मामा सुकाणूपाशी बसले होते. पन्नाशीचे असतील. ते हसले आणि म्हणाले, "आमच्या आज्याचं घर हितंच खाली हाय. आत्ता त्याच्यावरनंच चाललोय आपण."

आमची बोलतीच बंद. मग मामाच बोलत राहिले. पाणी चढायला लागलं तेव्हा काही भावकी सोलापूरकडे गेली, काही ठाण्याकडे. त्यांचा आजा गेला नाही. पाणी चढेल तसा वर सरकला आणि डोंगराच्या उतारावर दुसरं घर बांधलं. भातखाचरं होती ती खाली गेली, वर आला तो नुसता खडक. "पावन्यांकडं लग्नाला जायचं म्हंजी आख्खा दिस यष्टीत. पैलं हाक मारली तर ऐकू यायचं."

घरी आल्यावर जरा वाचलं. धरणाचं काम १९५६ ते १९६४ या काळातलं. उंची १०३ मीटर, पाणीसाठा सुमारे १०५ टीएमसी. पूर्वेला जाणारं हे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला न्यायचं, पोफळीला कोकणाच्या बाजूने खाली सोडायचं आणि त्या उंचीवर वीज करायची, अशी योजना. १९६२ पासून वीज मिळू लागली. सगळे टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॅट. इंजिनिअर म्हणून सांगतो, हे बांधकाम वाचताना छाती फुगते. १९९९ आणि २०१२ साली तर तलाव भरलेला असताना तळाला आतून भोक पाडून पाणी बोगद्यात घेतलं. लेक टॅपिंग म्हणतात त्याला. डोकं चालवणाऱ्यांना सलाम.

पण त्याच वाचनात दुसरीही एक तारीख भेटते. पुनर्वसनाचा कायदा करण्यात महाराष्ट्र देशात पहिला, तो १९७६ साली. म्हणजे धरणाचं काम संपल्यावर बारा वर्षांनी! ज्यांची जमीन गेली त्यांच्या हातात कायद्याचा कागदच नव्हता. मधेच ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. सुमारे १८० माणसं गेली. आणि पुनर्वसनाचं म्हणाल, तर २०१८ साली, धरणानंतर पन्नास वर्षं उलटून गेल्यावरही, कोयनेचे धरणग्रस्त जमिनीसाठी धरणं धरून बसले होते. (धरणासाठी धरणं. मराठी भाषा पण काय एकेक चिमटे काढते.)

असो. लाँच मेट इंदवलीला लागते. ‘मेट’ म्हणजे गडाच्या उतारावरची पहारेकऱ्यांची वस्ती. ती वस्तीही आता नाही. कोयना अभयारण्य १९८५ चं आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा. जी गावं पाण्यातून वाचली त्यातली काही जंगलासाठी उठली. चढाला लागताना बाजूला नीट बघा. घरांची जोती दिसतात, आणि रानात न शोभणारं एखादं आंब्याचं झाड. कुणीतरी लावल्याशिवाय ते तिथे आलेलं नाही. वाघासाठी जंगल मोकळं हवं हे मला मान्य आहे. पण ‘मोकळं’ या शब्दाचा अर्थ त्या जोत्यापाशी उभं राहिल्यावर नीट कळतो.

गडाचा इतिहास त्यामानाने परिचित. महाराजांनी याला व्याघ्रगड नाव दिलं. पेशवाईच्या उत्तरार्धात ताई तेलिणीने हा गड बापू गोखल्यांविरुद्ध कित्येक महिने झुंजवला, ही गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. पुढे एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागल्या, आणि गड पडला. तेव्हा आत दोन इंग्रज अधिकारी कैदेत होते. बाबूकड्याच्या टोकावर उभं राहिलं की कैद्यांसाठी हीच जागा का निवडली हे सांगायला लागत नाही. पळून जाणार कुठे?

परतताना मामांना विचारलं, मुलं काय करतात? थोरला नवी मुंबईत माथाडी, धाकटा लाँचवर. २०२४ मध्ये जवळच मुनावळ्याला सरकारने जलक्रीडा केंद्र काढलं, तिथे काही लागतं का बघतोय म्हणाले. जेट स्की वगैरे. मला ते जेट स्की प्रकरण कर्कश वाटतं, पण धाकट्याला नोकरी लागणार असेल तर माझ्या शांततेला कोण विचारतो.

जाणार असाल तर: वनखात्याची परवानगी काढावी लागते, आणि पावसाळ्यात गड बंद. प्लास्टिकच्या बाटल्या मोजून लिहून घेतात. गडावर मुक्काम चालत नाही, संध्याकाळच्या आत लाँचवर परत. आणि लाँचमध्ये गाणी लावू नका. सुकाणूपाशी जो बसलेला असतो त्याच्याशी बोला.